मदरबोर्ड गेला म्हणण्याआधी

बऱ्याच विहारांत आणि वस्तीतल्या अभ्यासिकांत एका कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला कॉम्प्युटर दिसतो. कुणीतरी ऑफिसातला जुना दान दिलेला असतो. वर्ष-दीड वर्ष चालतो आणि एक दिवस सुरूच होत नाही. दुरुस्तीवाला येतो, दोन मिनिटे बघतो आणि सांगतो, "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या." वर्गणीत तेवढे पैसे नसतात. मग कॉम्प्युटर झाकला जातो आणि महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज असो की परीक्षेचा फॉर्म, मुले पुन्हा सायबर कॅफेच्या रांगेत उभी राहतात.

"मदरबोर्ड गेला" हे अनेकदा खरे नसते. सांगणारा दरवेळी फसवतच असतो असेही नाही. मदरबोर्ड हा तपासायला सर्वांत अवघड भाग आहे. म्हणून बाकीचे भाग एकेक करून निर्दोष ठरल्यावर शेवटी त्याच्यावर बोट ठेवायचे असते. आपल्याकडे मात्र पहिला आरोपी तोच होतो. ही तपासणी करायला इंजिनिअर असावे लागत नाही. एक स्क्रूड्रायव्हर, एक खोडरबर, एक पेनड्राइव्ह आणि अर्धा दिवस पुरतो. त्यातूनही बिघाड सापडला नाही, तरी दुकानात काय सांगायचे आणि काय विचारायचे हे तुम्हाला नक्की कळलेले असते.

तो कुठपर्यंत जातो, ते बघा

काय बिघडले हा प्रश्न नंतर. आधी बघा, यंत्र कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे अडते. बटण दाबल्यावर अजिबात हालचाल नाही, हा एक प्रकार. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, हा दुसरा. कंपनीचे चिन्ह येते पण विंडोज उघडत नाही, हा तिसरा. सगळे उघडते पण मध्येच बंद पडते, हा चौथा. या चारांची कारणे वेगवेगळी असतात. "कॉम्प्युटर बंद आहे" एवढे सांगून दुकानात गेलात तर निदान दुकानदाराच्या मर्जीवर सोडल्यासारखे होते.

अजिबात हालचाल नसेल तर वीज कुठे अडली ते शोधायचे. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून केबल थेट भिंतीत लावा. डब्याच्या मागे एसएमपीएसला एक छोटे बटण असते. झाडू मारताना ते बंद झालेले असू शकते. बहुतेक मॉनिटरची वीजेची केबल आणि डब्याची केबल एकाच जातीची असते, त्यामुळे अदलाबदल करून केबलचा दोष लगेच कळतो. (ज्याला आपण सगळे 'सीपीयू' म्हणतो तो खरे तर नुसता डबा. सीपीयू त्याच्या आतली काडेपेटीपेक्षा लहान चकती. दुकानात "सीपीयू खराब आहे" म्हणालात तर गोंधळ होतो.)

एवढे करूनही काही हलत नसेल तर वायर काढा, सुरू करण्याचे बटण ३० सेकंद दाबून धरा, मग वायर परत लावा. आत अडकलेला विद्युतभार निघून गेल्यावर कितीतरी यंत्रे उठतात. तरीही नाही उठले तर संशय समोरच्या बटणावरही घ्या. रोज शंभर बोटे लागणारे बटण मदरबोर्डच्या आधी झिजते. त्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डवर दोन पिनांवर बसलेली असते. तिथे रीसेट बटणाची वायर लावा आणि रीसेट दाबून बघा. कॉम्प्युटर सुरू झाला तर बिघाड फक्त बटणाचा.

बटण ठीक निघाले तर पुढचा संशयित एसएमपीएस. तो बदलून बघणे सर्वांत सोपे. ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस तासाभरासाठी मागून आणा. मात्र काही ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपमध्ये त्याचा जोड वेगळा असतो, तो आधी जुळवून घ्या. एसएमपीएसचा पत्र्याचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या घरांत आणि चाळीत नेहमी ऐकू येते. लोक म्हणतात कॉम्प्युटर शॉक देतो. तिथे बहुतेकदा अर्थिंग नसते. एसएमपीएसच्या फिल्टरमधून अगदी थोडा प्रवाह पत्र्यावर येतो. त्याने जमिनीत जायचे असते, पण वाट नसल्यामुळे तो तुमच्या बोटातून जातो. तो प्रवाह थोडाच असतो, पण अर्थिंग नसताना एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला तर तोच पत्रा जिवावर बेतू शकतो. प्लगची तिसरी पिन तोडून तो दोन पिनांच्या सॉकेटात घालू नका. अभ्यासिकेत तर अर्थिंग आधी आणि कॉम्प्युटर नंतर.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

या तक्रारीवर सर्वाधिक पैसे उकळले जातात आणि सर्वाधिक वेळा ती घरीच सुटते. आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डाच्या जागी लागते, मदरबोर्डच्या नव्हे. ते बरोबर असेल तर रॅम.

रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर धूळ आणि दमटपणाने थर चढतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हे हमखास होते. वायर काढा, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातला स्थिरभार उतरवा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून रॅम काढा. पट्ट्यांवरून मऊ पांढरा खोडरबर हलकेच फिरवा, भुसा कोरड्या ब्रशने झटका आणि रॅम दाबून बसवा. खिट्ट्यांचा खट्ट असा आवाज आला पाहिजे. दोन रॅम असतील तर एकावेळी एकच लावा, प्रत्येक खाच वापरून बघा. चालणारी जोडी सापडली की दोषी कोण ते आपोआप कळते.

आता खरी परीक्षा. सगळ्या रॅम काढून कॉम्प्युटर सुरू करा. डब्यात छोटा स्पीकर असेल तर बीप ऐकू येतील. काही मदरबोर्डवर किंवा समोर दिवा ठराविक पद्धतीने लुकलुकेल. बीपची भाषा कंपनीप्रमाणे बदलते, ती आत्ता महत्त्वाची नाही. रॅम नसल्याची तक्रार करण्याइतका मदरबोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहे, हा त्याचा अर्थ. असा बोर्ड "गेला" म्हणणाऱ्याला हा बीप ऐकवा. स्पीकरच नसेल तर मात्र शांततेचा काही अर्थ काढू नका.

बीपनेही उलगडा झाला नाही तर कमी करत जा. हार्डडिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, कीबोर्ड, माउस, नेटची केबल, सगळे काढा. बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच ठेवा. चित्र आले तर एकेक वस्तू परत लावत चला. जी लावल्यावर बंद पडेल, ती चोर. बिघडलेल्या यूएसबी पोर्टमधली वाकलेली पिनसुद्धा अख्खा कॉम्प्युटर अडवून धरते.

तारीख चुकली की अर्जही अडतो

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. काही वर्षांनी तो संपतो. मग वायर काढली की कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि पुन्हा सुरू केल्यावर १०-१५ वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो. आता सरकारी संकेतस्थळ उघडायला जा. ब्राउझर लाल इशारा देतो की हे सुरक्षित नाही. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या तारखेप्रमाणे ते अजून तयारच झालेले नसते. मुले समजतात नेट खराब आहे किंवा सर्व्हर डाउन आहे, आणि शेवटची तारीख निघून जाते. हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलून तारीख नीट लावली की काम झाले.

सुरू होऊन १०-१५ मिनिटांत बंद पडणारा कॉम्प्युटर बहुतेकदा तापलेला असतो. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या जाळीत धुळीची गादी झालेली दिसेल. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून खराब होतो. अनेक डेस्कटॉपमध्ये हा पंखा चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. त्यातली एक सुटली तरी एक कडा वर उचलली जाते. खुंट्या ठीक असतील तर पंखा काढून जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसा आणि वाटाण्याएवढी नवी लावा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून तासन्तास चालवणाऱ्यांनी तो आधी टेबलावर ठेवावा.

डिस्क कुरकुरली तर हात आवरा

इथे घाई फार महागात पडते. हार्डडिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, फोल्डर उघडायला मिनिटे लागत असतील, तर दुरुस्तीचा कोणताही प्रयोग करू नका. डिस्क तपासणीची आज्ञा नको, डीफ्रॅग नको, फॉरमॅट तर अजिबात नको. मरणाऱ्या डिस्कचे उरलेले वाचन तुमच्या फाइल बाहेर काढण्यासाठी वापरा. आधी प्रमाणपत्रे, प्रबंध, फोटो, मग बाकीचे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची अवस्था दाखवते. 'रिअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरचे आकडे शून्याच्या वर जाऊन वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले. एसएसडीला आवाज नसतो. ती कधी कधी एका सकाळी गप्प होते, म्हणून दुसरी प्रत हवीच.

विंडोज उघडत नसेल तर उबंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. काहीही इन्स्टॉल करायची गरज नाही. तासभर नीट चालला तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळे ठीक, दोष डिस्कमध्ये किंवा विंडोजमध्ये. त्याच पडद्यावरून फाइलही दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढता येतात. नव्या लॅपटॉपवर मात्र एक अडथळा येतो. विंडोज ११ मध्ये डिस्क बऱ्याचदा बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि बोर्ड बदलला की ४८ अंकी किल्ली मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठलेली असू शकते. लॅपटॉप चालू असतानाच ती कागदावर उतरवून ठेवा.

लॅपटॉपचे थोडे वेगळे

स्क्रीन काळी दिसली तर अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. पुसट चित्र दिसले तर फक्त मागचा प्रकाश गेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. तिथे चित्र आले तर बोर्ड शाबूत, दोष स्क्रीनचा किंवा बिजागरीजवळच्या केबलचा. दुसऱ्याचा चार्जर लावताना व्होल्ट जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. टाइप-सी पोर्ट असला तरी मोबाइलचा साधा चार्जर लॅपटॉपला पुरत नाही.

चहा सांडला तर लगेच बटण दाबून धरून बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप तंबूसारखा उपडा ठेवा. तांदळात पुरून काही होत नाही, फक्त तांदळाचे पीठ पोर्टमध्ये जाते. साखर आणि दूध आत वाळून बोर्ड कुरतडतात, म्हणून सुकल्यावर चालू झाला तरी तो उघडून साफ करून घ्यावा.

टचपॅड वर उचलला गेला किंवा तळ फुगला तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग त्याच क्षणी थांबवा. ती टोचायची नाही, दाबायची नाही आणि कचऱ्यात तर नाहीच. जुनी बॅटरी घेणारे अधिकृत संकलन केंद्र किंवा त्या कंपनीचे सेवा केंद्र शोधा.

दुकानात जाताना

एवढे करून काही प्रकरणे उरतीलच, आणि काही बोर्ड खरोखर गेलेले असतील. तरी लॅपटॉपचा बोर्ड म्हणजे नेहमी नवा बोर्ड असे नाही. चिप लेव्हल काम करणारे कारागीर एक जळलेला भाग बदलून तो उठवतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली इथे चौकशी करता येते. डेस्कटॉपचे जुने सुटे भागही अशा बाजारांत मिळतात.

जाण्याआधी रॅम आणि डिस्कवरच्या स्टिकरचे फोटो काढा. कोणता भाग गेला, तो कसा तपासला, हे विचारा आणि बदललेला जुना भाग परत मागा. अत्याचाराच्या प्रकरणांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या लॅपटॉपमध्ये पीडित कुटुंबांचे जबाब, फिर्यादीच्या प्रती, फोन नंबर असतात. स्क्रीन किंवा चार्जिंग पोर्टच्या दुरुस्तीला तुमची डिस्क लागत नाही. ती काढता येत असेल तर काढून घरी ठेवा. पासवर्ड मागितला तर समोर बसून स्वतः टाका.

आणि विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले म्हणून कुणी अभ्यासिकेचा कॉम्प्युटर भंगारात काढायला सांगत असेल तर थांबा. हा हार्डवेअरचा बिघाड नाही. विंडोज ११ जुन्या यंत्रावर चढत नाही, पण चार जीबी रॅम आणि एक छोटी एसएसडी असेल तर लिनक्स मिंटवर ब्राउझर, मराठी टायपिंग आणि पीडीएफ एवढे काम तो अजून काही वर्षे करतो. डब्याच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर लिहून ठेवा: धूळ कधी काढली, सेल कधी बदलला, कोणत्या खाचेतली रॅम चालते. पुढच्या वेळी उघडणारा बहुधा दुसराच कुणी असेल.