विश्लेषण : परदेशातील कुमार टेनिस स्पर्धेत प्रशिक्षक नेमके काय करतो?

मंगळवारी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसात वाजता कुमार टेनिस स्पर्धांच्या नावनोंदणीची खिडकी बंद होते. रोममधली अकादमी असो वा सातपुड्याच्या पायथ्याशी, तोरणमाळच्या वाटेवरचे म्हसावद (ता. शहादा), ही वेळ सर्वांना सारखीच. पण त्यानंतरचा प्रवास सारखा नसतो. मोठ्या अकादमीतल्या मुलाबरोबर प्रशिक्षक विमानात बसतो. लहान गावातल्या पालकांना मात्र पहिला प्रश्न पडतो तो दुसऱ्या तिकिटाचा. प्रशिक्षक सोबत हवाच का? तो तिथे नेमके काय करतो? आणि तो जाऊ शकला नाही तर?

कुमारांची परदेशी स्पर्धा म्हणजे काय?

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची (आयटीएफ) कुमार मालिका 13 ते 18 वर्षांच्या खेळाडूंसाठी असते. स्पर्धांच्या पायऱ्या जे30, जे60, जे100, जे200, जे300 आणि जे500 अशा आहेत. नावातला आकडा म्हणजे एकेरीच्या विजेत्याला मिळणारे गुण. त्यावर कुमारांच्या ग्रँडस्लॅम स्पर्धा असतात. क्रमवारीसाठी एकेरीतील सर्वोत्तम सहा निकालांचे गुण आणि दुहेरीतील सर्वोत्तम सहा निकालांच्या गुणांचा एक चतुर्थांश भाग धरला जातो. म्हणजे दुहेरी खेळणे हा वेळ घालवणे नव्हे. बक्षिसाची रक्कम मात्र या स्पर्धांत नसते. जिंकले तरी खर्च घरूनच होतो.

प्रशिक्षकाचे काम कधी सुरू होते?

विमानात बसण्याच्या महिनाभर आधी. नावनोंदणीची मुदत स्पर्धेच्या आठवड्यातील सोमवारच्या 27 दिवस आधीच्या मंगळवारी, तर विनादंड नाव मागे घेण्याची मुदत 13 दिवस आधीच्या मंगळवारी संपते. कोणत्या देशात कोणत्या पायरीची स्पर्धा खेळायची, थेट मुख्य फेरीत प्रवेश मिळेल की पात्रता फेरी खेळावी लागेल, हा अंदाज प्रशिक्षकाने बांधायचा असतो. हा अंदाज चुकला तर मूल हजारो किलोमीटर जाऊन एका सामन्यानंतर रिकामे बसते. म्हणूनच अनुभवी प्रशिक्षक एका भागातल्या सलग दोन-तीन आठवड्यांच्या स्पर्धा जोडून घेतात.

दुसरा प्रश्न कोर्टचा. आपल्याकडची बहुतेक मुले सिमेंटच्या हार्ड कोर्टवर तयार होतात. युरोपात उन्हाळ्यात लाल मातीचा हंगाम असतो. मातीवर चेंडूचा वेग कमी होतो, तो उंच उसळतो आणि रॅली लांबते. हार्ड कोर्टवर हमखास गुण देणारा फटका तिथे परत येतो. त्यामुळे स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधी पोहोचून घसरत थांबण्याचा सराव करणे, थंड हवेत रॅकेटचे गटिंग थोडे सैल करून पाहणे, ही कामे पहिल्या सामन्याआधी उरकावी लागतात.

सामना सुरू असताना प्रशिक्षक बोलू शकतो का?

अनेक वर्षे याचे उत्तर ‘नाही’ असे होते. 2018च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला पहिली ताकीद मिळाली, ती प्रशिक्षक पॅट्रिक मुरातोग्लू यांनी प्रेक्षकांतून केलेल्या हातवाऱ्यांमुळेच. पुढे व्यावसायिक मालिकांमध्ये प्रयोग झाले आणि 1 जानेवारी 2025 पासून टेनिसच्या नियमावलीतच कोर्टबाहेरून मार्गदर्शनाला जागा मिळाली. दोन गुणांच्या मध्ये, बाजू बदलताना किंवा सेट संपल्यावर थोडक्यात बोलता येते वा खूण करता येते. गुण सुरू असताना नाही. मात्र त्या स्पर्धेत ही मुभा आहे की नाही, हे माहितीपत्रकात आणि स्पर्धा पर्यवेक्षकाकडून आधीच तपासून घ्यावे लागते.

मुभा असली तरी वेळ किती? दोन गुणांमध्ये 25 सेकंद, बाजू बदलताना 90 सेकंद, सेट संपल्यावर 120 सेकंद. टॉवेल, पाणी आणि श्वास यातून जे उरते, त्यात एकच सूचना मावते. ‘तिच्या बॅकहँडला उंच चेंडू दे’ हे उपयोगी. ‘लक्ष देऊन खेळ’ याने काहीच कळत नाही. ती एक सूचना काय असावी, हे आदल्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचा सामना पाहून ठरते. त्यामुळे स्वतःचा विद्यार्थी खेळत नसताना वही घेऊन दुसऱ्या कोर्टशेजारी बसणे, हे दौऱ्यातील महत्त्वाचे काम.

कोर्टवर पंच नसेल तर?

खालच्या पायऱ्यांवर हे नेहमी घडते. अनेक सामन्यांना खुर्चीवर पंच नसतो. एक फिरता पंच एकाच वेळी काही कोर्ट पाहतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूच सांगतो. खात्री नसेल तर चेंडू आत धरायचा, हा नियम आहे. सर्व्हिस करणाऱ्याने प्रत्येक गुणाआधी गुणफलक मोठ्याने सांगायचा असतो.

पहिल्यांदा परदेशी गेलेली मुले अनेकदा इथेच अडकतात. चेंडू रेषेवर होता हे दिसते, समोरचा ‘आउट’ म्हणतो आणि आपले मूल संकोचाने गप्प बसते. दोन-तीन गुण असे गेले, की खेळही जातो. यावरचा उपाय घरच्या सरावात आहे. आवाज मोठा ठेवून गुण सांगणे, मातीवर चेंडूचा ठसा दाखवायला सांगणे, वाद वाढण्याआधी हात वर करून पंचाला बोलावणे, आणि हे सगळे चार साध्या इंग्रजी वाक्यांत. मराठी माध्यमातल्या मुलाला ही वाक्ये येत नसतील, तर ती फोरहँडइतक्याच वेळा घोटून घेतली पाहिजेत.

पहिल्याच फेरीत हरल्यास?

बाद पद्धतीत 32 जणांच्या ड्रॉमधील 16 जण पहिल्याच फेरीत हरतात. म्हणजे हरणे हा अपवाद नाही, अर्ध्या मुलांचा तो पहिला दिवस असतो. त्या संध्याकाळी लांबलचक चिकित्सा उपयोगाची नसते. जेवण, झोप आणि घरी एक फोन एवढे पुरे. दुसऱ्या सकाळी सामन्यातील दोन गोष्टी निवडायच्या, एक चांगली आणि एक सुधारण्याजोगी, आणि त्यावर सराव करायचा. दुहेरीचा सामना बाकी असेल तर तो आता महत्त्वाचा होतो. कुमारांच्या दुहेरीत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो, त्यामुळे धीराने खेळणाऱ्या जोडीला संधी असते.

महाराष्ट्रातील उदाहरणे काय सांगतात?

विम्बल्डनने 2022 मध्ये 14 वर्षांखालील मुला-मुलींची स्पर्धा सुरू केली. पहिल्याच वर्षी त्यात कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव खेळली. मुलींत 16 जणी, चार-चार जणींचे गट आणि प्रत्येकीला किमान तीन सामने अशी रचना होती. एका पराभवावर परत फिरावे लागू नये, हा तिचा फायदा. लहान वयात सामन्यांची संख्या निकालाइतकीच मोलाची असते.

पुण्याच्या मानस धामणेला जानेवारी 2023 मध्ये वयाच्या 15व्या वर्षी बालेवाडीतील टाटा ओपनच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळाला. तो अमेरिकेच्या मायकेल मोहकडून 2-6, 4-6 असा हरला. मानसने इटलीत बोर्डिगेरा येथील रिकार्डो पियाटी यांच्या अकादमीत सराव केला आहे. डोंगरातल्या लहान गावातला यानिक सिनर वयाच्या 13व्या वर्षी घर सोडून याच अकादमीत आला होता. लहान गाव हा अडथळा नसतो. गावातून बाहेर पडल्यावर कोण भेटते, यावर पुढचे बरेच ठरते.

प्रशिक्षक सोबत जाऊ शकत नसेल तर?

व्यवहार्य मार्ग म्हणजे तीन-चार खेळाडूंनी मिळून एकच प्रशिक्षक नेणे. तिकीट, निवास आणि मानधन वाटून घेता येते आणि मुलांना सरावाला जोडीदारही मिळतात. पण निघण्यापूर्वी पालकांनी स्पष्ट विचारावे : सामने एकाच वेळी आले तर प्रशिक्षक कोणाकडे थांबणार? मुलांच्या खोल्या कशा असतील? अल्पवयीन खेळाडूने प्रशिक्षकाबरोबर एका खोलीत राहू नये. हा अविश्वास नव्हे, दोघांच्याही सुरक्षिततेचा साधा नियम आहे.

औषधांचेही तसेच. कुमार खेळाडूंनाही उत्तेजक चाचणीचे नियम लागू असतात. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारे स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापलीकडे गेल्यास स्पर्धेदरम्यान प्रतिबंधित आहे. घरातून दिलेली गोळ्यांची पिशवी आधी डॉक्टरांना दाखवलेली बरी. शेंगेन व्हिसासाठी पालकांचे संमतिपत्र लागते. ते अल्पवयीन मूल एकटे किंवा प्रशिक्षकाबरोबर जात असताना आयत्या वेळी शोधायला लागू नये.

आणि घरी राहिलेला प्रशिक्षक? उन्हाळ्यात इटलीत सकाळी दहाला सामना सुरू होतो, तेव्हा म्हसावदमध्ये दुपारचे दीड वाजलेले असतात. ऑनलाइन गुणफलक पाहता येतो, संध्याकाळी मुलाशी दहा मिनिटे बोलता येते, सोबत गेलेल्या प्रशिक्षकाला मुलाच्या सवयी आधीच लिहून देता येतात : दडपणाखाली तो दुसरी सर्व्हिस घाईने मारतो, हरल्यावर अर्धा तास बोलत नाही, सामन्याआधी जड खाल्ले तर त्रास होतो.

असे एक पान सोबत असले तर तिथला प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून कामाला लागतो. कोर्टवर शेवटी खेळाडू एकटाच असतो, त्याचे सर शेजारी असोत वा शहाद्यात. दौऱ्याची तयारी नीट झाली का, हे विजेतेपदावरून कळणार नाही. पहिल्या सामन्यात गुणफलकावरून वाद झाला आणि मुलाने स्वतः हात वर करून पंचाला बोलावले, तर ती झाली असे समजावे.