अंगोनोका

(फाळ-कासव). सरीसृप वर्गाच्या कूर्म गणातील टेस्ट्युडिनिडी कुलातील एक भूचर कासव. याचे शास्त्रीय नाव ॲस्ट्रोकेलिस यिनिफोरा असे असून ‘अंगोनोका’ हे मालागासी भाषेतील नाव आहे. १८८५ मध्ये व्हेयाँ या फ्रेंच प्राणिवैज्ञानिकांनी या जातीचे प्रथम वर्णन केले. वायव्य मादागास्करमधील बाली उपसागराभोवतीच्या बांबूच्या व झुडपांच्या रानाखेरीज ते निसर्गात अन्यत्र आढळत नाही.

नराच्या पृष्ठवर्माची (पाठीवरील कवचाची) लांबी सु. ४० सेंमी. व वजन सु. १० किग्रॅ. असते, मादी त्याहून लहान असते. पृष्ठवर्म घुमटासारखे उंच व फिकट तपकिरी असून त्याच्या शल्कांवर वाढीची वलये स्पष्ट दिसतात. अधरवर्माचे (पोटाकडील कवचाचे) पुढचे टोक मानेखालून नांगराच्या फाळासारखे बाहेर आलेले असते. नरात ते विशेष लांब असते. विणीच्या हंगामात हा फाळ प्रतिस्पर्ध्याच्या अंगाखाली घालून नर त्याला उलथा पाडतो. गवत, झुडपांची पाने आणि बांबूची वाळलेली पाने हे याचे अन्न होय.

मादी जमिनीत खळगा करून एका वेळी १ ते ६ अंडी घालते. एका हंगामात ती अनेकदा अंडी घालू शकते. पावसाळ्याच्या आरंभी पिले बाहेर पडतात. ती प्रौढ होण्यास सु. १५ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे रानातून नेलेल्या एका प्रौढ मादीची उणीव भरून निघण्यास दीर्घ काळ जावा लागतो.

चराईसाठी लावलेले वणवे आणि अंडी व पिले खाणारी रानडुकरे यांपासून या जातीला पूर्वीपासून धोका आहे. १९८६ मध्ये अँपिजोरोआ येथे बंदिस्त पैदास केंद्र सुरू झाले व १९९७ मध्ये बाली उपसागर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. केंद्रात वाढविलेली काही कासवे रानात सोडण्यातही आली. तथापि १९९६ मध्ये या केंद्रातून ७५ कासवे चोरीस गेली. १९७५ पासून आंतरराष्ट्रीय कराराने याच्या व्यापारास बंदी असूनही २०१३ मध्ये बँकॉकच्या विमानतळावर ५४ अंगोनोका एकाच वेळी पकडण्यात आली. हौशी संग्राहकांत दुर्मिळतेबरोबर किंमत वाढते. म्हणजे जाती जितकी विरळ, तितकी ती चोरट्यांना अधिक मोलाची ठरते. कवच विद्रूप होऊन त्याचे बाजारमूल्य घटावे, म्हणून कासवांच्या पृष्ठवर्मावर ओळखचिन्हे कोरण्याचा उपायही योजण्यात आला आहे.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने ही जाती अतिसंकटग्रस्त ठरविली आहे. केवळ पैदास वाढवून ती वाचणार नाही. रानात स्थानिक लोकांच्या साहाय्याने पहारा आणि परदेशांतील ग्राहकांवर कायद्याचा वचक, अशा दोन्ही बाजूंनी तिचे रक्षण होणे आवश्यक आहे.