गिंडीत घर मिळतं, पण…

बदलीचा हुकूम हातात पडतो, सामान ट्रकवर चढतं. पण अनोळखी भाषेच्या शहरात घराची किल्ली हाती येईपर्यंत जिवाला स्वस्थता नसते. चेन्नईत नव्यानं घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबानं पैसे मोजण्याआधी काय विचारावं, काय लिहून घ्यावं?

‘एंद ऊरु?’ म्हणजे गाव कोणतं? ‘तमिळ तेरियुमा?’ म्हणजे तमिळ येतं का? चेन्नईत गिंडीच्या आसपास भाड्याचं घर बघायला गेलेल्या मराठी जोडप्याचं स्वागत बहुधा या दोन प्रश्नांनी होतं. पहिल्याला ‘पुणे’ किंवा ‘कोल्हापूर’ असं उत्तर देता येतं. दुसऱ्याला नुसती नकारार्थी मान हलवावी लागते. मग घरमालकीणबाई आतल्या माणसाला कळवतात, ‘नॉर्थ इंडियन.’ दक्षिणेकडच्या प्रत्येकाला सरसकट ‘मद्रासी’ म्हणण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला हा शिक्का बसला, की फिटंफाट होते!

तशी परक्या माणसांची या भागाला जुनी सवय आहे. गिंडीशेजारच्या सेंट थॉमस माउंट या टेकडीला तमिळमध्ये ‘परंगिमलै’ म्हणतात. परंगी म्हणजे आपला फिरंगी. पोर्तुगीजांमुळे पडलेलं हे नाव. 1794 मध्ये सर्व्हे शाळा म्हणून सुरू झालेलं इंजिनीअरिंग कॉलेज पुढे गिंडीतच स्थिरावलं. 1958 मध्ये औद्योगिक वसाहत उभी राहिली, 1959 मध्ये जवळच आयआयटी सुरू झाली. पुढे संगणक कंपन्याही आल्या.

मात्र गिंडीत काम जितकं आहे, तितकी घरं नाहीत. राज्यपालांचं निवासस्थान, राष्ट्रीय उद्यान, शिक्षणसंस्थांची आवारं आणि कारखाने यांनीच बरीचशी जागा व्यापली आहे. साहजिकच घरासाठी आदंबाक्कम, आलंदूर, वेळच्चेरी, सैदापेट, ईक्काट्टुतांगल या शेजारच्या वस्त्यांत फिरावं लागतं. लोकल गाडी आहे आणि 2016 पासून मेट्रोही आहे. त्यामुळे थोडं लांब घर घेतलं तरी फारसं अडत नाही.

दहा महिन्यांचा अॅडव्हान्स

घर पसंत पडतं. भाडं, म्हणजे ‘वाडगै’, तेही परवडण्याजोगं असतं. मग अॅडव्हान्सचा आकडा कानावर येतो. चेन्नईत दहा महिन्यांचं भाडं अनामत मागण्याची जुनी रीत आहे. अलीकडे काही मालक कमी घेतात, तरी रीत संपलेली नाही. महिना 25 हजार भाडं असेल, तर दहा महिन्यांचे अडीच लाख रुपये होतात. नुकत्याच बदलून आलेल्या संसाराला त्यासाठी एखादी मुदत ठेव मोडावी लागते, नाहीतर सासरी-माहेरी हात पसरावा लागतो.

तामिळनाडूचा नवा भाडेकायदा 2017 साली झाला आणि फेब्रुवारी 2019 मध्ये लागू झाला. त्यानुसार अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. वरच्या उदाहरणात ती 75 हजार होते. पण इथं एक मेख आहे. ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’ अशी सवलत कायद्यातच ठेवली आहे. दहा महिन्यांच्या कागदावर एकदा सही केली, की तीन महिन्यांचं कलम दाखवून उपयोग नाही. म्हणून घासाघीस करायची ती सहीच्या आधी.

घर सोडल्यावर देणी वजा करून महिन्याच्या आत अनामत परत करावी, असंही कायदा सांगतो. प्रत्यक्षात ‘नवा भाडेकरू आला की त्याच्या पैशांतून देतो’ हे उत्तर अनेकदा मिळतं. शिवाय रंगकामासाठी एका महिन्याचं भाडं कापून घेतलं जातं. परतफेडीची मुदत आणि रंगकामाची रक्कम या दोन्ही गोष्टी म्हणूनच करारात आकड्यांत लिहून घ्याव्यात. पैसे बँकेमार्फत द्यावेत, राहायला येतानाच भिंती, नळ, फरशी यांचे फोटो काढून ठेवावेत. आणि कराराची भाडे प्राधिकरणाकडे नोंदणी होईल, हे पाहावं.

पाटीवरचा ‘लीज’ हा शब्दही नवख्याला चकवतो. चेन्नईत त्याचा अर्थ साधा भाडेकरार नव्हे. एकदाच मोठी रक्कम मालकाला द्यायची, दरमहा भाडं द्यायचं नाही आणि मुदत संपली की मूळ रक्कम परत घ्यायची, असा हा व्यवहार असतो. महिन्याचं भाडं वाचतं, पण सगळी पुंजी एकाच माणसाच्या हाती जाते. घरावर बँकेचं कर्ज आहे का, हे तपासल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

‘तण्णी वरुमा?’

घर शोधणाऱ्याला एकच तमिळ वाक्य शिकायचं असेल, तर ते हे: पाणी येतं का? 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी देणारे तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. जुलैमध्ये जोलारपेटहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्यामुळे नळाचं पाणी किती दिवसांआड येतं, बोअरचं पाणी खारट आहे का, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देतं, हे विचारण्यात संकोच नको.

उलटा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. डिसेंबर 2015 मध्ये अड्यार नदीला पूर आला आणि सैदापेट, ईक्काट्टुतांगल भागांतल्या घरांत पाणी शिरलं. डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळात वेळच्चेरी पुन्हा बुडाली. तळमजला घेताना ‘2015 ला पाणी कुठवर आलं होतं?’ हे मालकाला नव्हे, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारावं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो!

विजेचा मीटर स्वतंत्र आहे का, हेही पाहावं. घरगुती मीटरला सरकारी सवलत मिळते. मालक युनिटमागे आपला दर लावत असेल, तर ती भाडेकरूपर्यंत पोहोचत नाही.

आडी महिना आणि दुधाचं भांडं

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तमिळ पंचांगातला आडी महिना असतो. या काळात नव्या घरात पाऊल टाकणं अनेक जण टाळतात. जुलैअखेर कामावर रुजू व्हायचं असेल, तर हे आधीच ध्यानात घ्यावं. चांगला दिवस पाहून भाडेकरूनंही चुलीवर दूध उतू जाऊ द्यायचं, ही इथली पद्धत. मराठी गृहिणीला ती परकी वाटत नाही. दारातला कोलम म्हणजे तर आपल्या रांगोळीची बहीणच.

खाण्याचा प्रश्न मात्र नाजूक असतो. ‘फक्त शाकाहारींसाठी’ अशी अट अनेक ठिकाणी आढळते. मासळी खाणाऱ्या कुटुंबानं तिथं गप्प राहून किल्ली घेऊ नये. दोन महिन्यांनी तव्यावरच्या सुरमईचा वास जिन्यात पोहोचतोच, मग अडीच लाख मालकाकडे आणि सामान रस्त्यावर अशी वेळ येते.

परदेशी नागरिकाची वाट याहून अवघड. तो राहायला आल्यावर 24 तासांत सरकारी यंत्रणेला कळवण्याची जबाबदारी जागा देणाऱ्यावर असते. या कटकटीपायी काही मालक त्याला दारातूनच परत पाठवतात. मराठी कुटुंबाला हा अडसर नाही. त्याच्यासाठी भिंत आहे ती भाषेची, आणि ती रोज थोडी थोडी खचते.

भाजीवाल्याशी दर ठरू लागतात, घरमालकीणबाई वाटीतून रसम पाठवतात, इकडून पुरणपोळी जाते. सहा महिन्यांनी ‘तमिळ तेरियुमा?’ असं कुणी विचारलं, की उत्तर येतं, ‘कोंजम’, म्हणजे थोडंसं. शेजार असा जुळला, म्हणजे घर मिळालं. तरीही कराराची प्रत कपाटात नीट जपून ठेवावी. घर सोडताना रसमची वाटी परत करायची असते आणि अॅडव्हान्स परत घ्यायचा असतो!