चारमिनारच्या कमानीत कोण बसलंय?

चारमिनारच्या कमानीत कधी डोकावून पाहिलंय? त्यासाठी हैदराबादची बस पकडायला नको. अहमदपूर, लोहा, कंधार, उदगीर, कुठंही राहत असा, आजीला लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवायचे जुने रुपये दाखवायला सांगा. राणीछाप निघतील, राजाछाप निघतील आणि नशीब जोरावर असेल, तर एखादा चारमिनारवालाही निघेल. त्यावर भिंग धरा आणि मधल्या कमानीत बघा. तिथं राज्यकर्त्याच्या नावाचं पहिलं उर्दू अक्षर दिसेल! आरशात उलटा दिसणारा इंग्रजी तीनचा आकडा असतो ना, तसं दिसलं तर ते ‘ऐन’. म्हणजे शेवटचे निजाम उस्मान अली खान. गोल डोकं आणि खाली शेपूट दिसली तर ‘मीम’. म्हणजे त्यांचे वडील महबूब अली खान, आणि नाणं साधारण १९११च्या आधीचं.

नाण्यावर सालही असतं, पण हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेचं. समजा १३३७ आहे. त्याला ०.९७ने गुणा आणि ६२२ मिळवा. उत्तर १९१९च्या जवळ येतं की नाही बघा.

पण लेकरांनो, हैदराबादचं नाणं अहमदपुरात आलं कसं? आलं कसलं, ते इथंच चालायचं! १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपला मुलूख निजामाच्या संस्थानात होता आणि अहमदपूर तेव्हा बीदर जिल्ह्यात. संस्थानाच्या रुपयाला लोक ‘हाली’ म्हणत आणि इंग्रजांच्या रुपयाला ‘कलदार’. संस्थान भारतात आल्यावर सात हाली बरोबर सहा भारतीय रुपये, असा हिशेब ठरला. हे जुनं चलन १९५९पर्यंत चाललं. म्हणजे तुमच्या पणजीची बाजारात भाजी घेताना काय तारांबळ उडाली असेल!

आता खरी गंमत. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा आणि त्यात ८१.८ टक्के चांदी. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी. दुसरं महायुद्ध सुरू झालं, चांदी कमी पडायला लागली आणि १९४०मध्ये कलदारातली चांदी निम्म्यावर आली. हालीचंही पुढं तेच झालं. मग लोकांनी काय केलं असेल? जास्त चांदीचे रुपये गाडग्यात, पेटीत दडवले आणि कमी चांदीचे बाजारात फिरवले. तुम्हीही नवी कोरी नोट ठेवून फाटकीच आधी खपवता की नाही? याला ग्रेशमचा नियम म्हणतात. १९४७ला तर रुपया चक्क निकेलचा झाला.

त्यानंतर चांदी परत आली ती कुणाची तरी आठवण म्हणून काढलेल्या नाण्यांत. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचं नाणं निघालं. वजन १५ ग्रॅम, चांदी ८० टक्के. करा हिशेब: १२ ग्रॅम चांदी! गणिताच्या सोयीसाठी एका ग्रॅमला शंभर रुपये धरा. नाण्यावर लिहिलंय दहा आणि आतली चांदी बाराशेची. असं नाणं देऊन कोण वडापाव घेईल?

नांदेडशी नातं सांगणारंही एक नाणं आहे. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८मध्ये नांदेडला देह ठेवला. त्यांच्या ३५०व्या जयंतीनिमित्त काढलेलं ३५० रुपयांचं नाणं १३ जानेवारी २०१९ रोजी प्रकाशित झालं. ४४ मिलिमीटर रुंद, ३५ ग्रॅम वजन. त्यात निम्मी चांदी, ४० टक्के तांबं आणि निकेल, जस्त पाच-पाच टक्के. चित्र मात्र त्यांच्या जन्मगावचं, पाटण्याच्या हरिमंदिराचं. आपल्या नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराचं असतं तर मला जास्त आवडलं असतं! रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीचं ९० रुपयांचं नाणं (२०२४) मात्र ४० ग्रॅमचं आणि ९९.९९ टक्के शुद्ध चांदीचं.

टांकसाळीत अशी ‘प्रूफ’ नाणी चकचकीत केलेल्या ठशांनी एकाहून जास्त वेळा ठोकतात, म्हणून त्यांचा सपाट भाग आरशासारखा चमकतो. साध्या नाण्यांवर सालाखालची खूणही शोधा. तारा म्हणजे हैदराबाद, चौकट म्हणजे मुंबई, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता.

जत्रेत कुणी चारमिनार रुपया विकत असेल तर तो खरा कशावरून? सराफ आधी तो फरशीवर टाकून खणखण ऐकतो. आपण आर्किमिडीजला बोलावू. सराफाच्या बारीक काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा १.१ ग्रॅमच्या आसपास दाखवेल. तेवढ्याच वजनाचं पितळ असेल तर १.३ दाखवेल, कारण पितळ चांदीपेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला जास्त जागा घेतं. प्रूफ नाणं मात्र डबीतून काढून बुडवू नका.

ही नाणी घेऊन श्रीमंत होता येतं का? मला विचाराल तर फार आशा धरू नका. टांकसाळ नवं नाणं सहसा आतल्या चांदीपेक्षा जास्त किमतीला विकते आणि गल्लीतला सराफ मात्र विकत घेताना चांदीचेच पैसे मोजतो. जास्त पैसे देतो तो संग्राहक, आणि तोही नाणं दुर्मीळ असेल, त्यावर ओरखडा नसेल तरच.

म्हणून दिवाळीच्या आदल्या दिवशी रुपये रांगोळीनं किंवा दंतमंजनानं घासायला बसू नका. तो काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी चांदीची झालेली जोडी, सिल्व्हर सल्फाइड. घासलं की त्याबरोबर चारमिनारचे बारीक मनोरेही झिजतात. कोमट पाण्यानं धुवा, सुती कापडानं टिपा आणि रबर बँड लावून ठेवू नका, रबरातही गंधक असतं. आजी रागावली, तर तिला हे पान वाचून दाखवा.