स्वाधारचा विद्यार्थी आणि भाड्याची खोली : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना महाराष्ट्र शासनाच्या सामाजिक न्याय विभागाने २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून सुरू केली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील विद्यार्थ्यांना बाहेर खोली करून राहता यावे आणि त्यांचे जेवणखाण भागावे, यासाठी तीत वर्षाला ठरावीक रक्कम मिळते. मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत ती ६०,००० रुपये आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० मिळतात : भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाह भत्त्याचे ६,०००. तुळजापूर, उमरगा, कळंब अशा तालुक्याच्या गावी हाच आकडा ३८,००० होतो. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे, आधीच्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण असावेत आणि विद्यार्थी शिकतो त्या शहराचा रहिवासी नसावा, या तिच्या मुख्य अटी आहेत.

अर्जाला जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक यांच्यासोबत भाडेकरारही जोडावा लागतो. बाकीची कागदपत्रे तहसील आणि महाविद्यालयातून मिळतात. हा एकच कागद खाजगी माणसाच्या मर्जीवर अवलंबून असतो आणि बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. भूम, परंडा, लोहारा, वाशीकडच्या खेड्यांतून धाराशिवला शिकायला आलेल्या मुलाला पत्र्याची का होईना, खोली मिळते. पण कराराचे नाव काढले की घरमालक सांगतो, “राहायचं तर राहा, कागदबिगद काही मिळणार नाही.” काही ठिकाणी ‘स्वाधार’ हा शब्द ऐकूनच खोली दुसऱ्याला दिल्याचे सांगितले जाते. या नकारामागची कारणे एकसारखी नाहीत. काही निव्वळ ऐकीव आहेत, काहींत तथ्य आहे, आणि एक कारण असे आहे की ते सहसा बोलून दाखवले जात नाही.

“सरकारच्या भानगडीत घर अडकेल”

योजनेत घरमालक कुठेही पक्षकार नसतो. रक्कम विद्यार्थ्याच्या आधार-संलग्न बँक खात्यात जमा होते. घरमालकाचा शासनाशी करार होत नाही, शासन त्याचे भाडे ठरवत नाही आणि त्याच्याकडून कसली हमीही घेत नाही. विद्यार्थी अपात्र ठरला किंवा त्याने खोटी माहिती दिल्याचे आढळले, तर वसुली विद्यार्थ्याकडून होते.

ही भीती अमेरिकेत काही अंशी तरी खरी ठरली असती. तिथल्या १९७४ च्या कायद्यातून आलेल्या ‘सेक्शन ८’ योजनेत स्थानिक गृहनिर्माण यंत्रणा घराची तपासणी करते, घरमालकाशी स्वतंत्र करार करते आणि भाड्यातला सरकारी वाटा थेट त्याला देते. तपासणीचा त्रास नको म्हणून तिथले बरेच घरमालक अशा भाडेकरूंना टाळतात आणि तो नकार रोखण्यासाठी काही राज्यांना कायदे करावे लागले. स्वाधारमध्ये यातले काहीच नाही. घरमालकाच्या दृष्टीने हा विद्यार्थी इतर कोणत्याही भाडेकरूसारखाच असतो. त्याच्या खात्यात पैसे कुठून येतात याचा खोलीशी संबंध नाही.

“कागद केला की कूळ लागेल”

मराठवाड्यात ही धास्ती सर्वांत खोल आहे आणि तिला इतिहास आहे. धाराशिव जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात विलीन झाल्यावर हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० आला, संरक्षित कुळांच्या नोंदी झाल्या आणि कसणाऱ्यांना जमिनीवर कायमचे हक्क मिळाले. ज्या घरांच्या जमिनी त्यात गेल्या, तिथे ‘दुसऱ्याचं नाव कागदावर चढू द्यायचं नाही’ ही शिकवण पुढच्या पिढ्यांना मिळाली. पण तो कायदा शेतजमिनीपुरता होता. राहत्या घरातल्या खोलीला कूळ लागत नाही.

घरांसाठी मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा होता. अशा जुन्या कायद्यांखाली भाडेकरूला बाहेर काढणे खरोखरच जिकिरीचे असे. घरमालकांच्या मनातला भाडेकरू अजून त्याच काळातला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने राज्यातले असे तीन वेगवेगळे कायदे रद्द करून त्यांच्या जागी एकच कायदा आणला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये ‘लीव्ह अँड लायसन्स’ पद्धतीने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर दिलेल्या निवासी जागेची सोय आहे. मुदत संपली की जागा सोडणे बंधनकारक आहे. न सोडल्यास घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि जागा ताब्यात मिळेपर्यंत ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. या अर्जात लेखी करार हा निर्णायक पुरावा मानला जातो. तोंडी व्यवहार करणाऱ्याच्या हाती हा पुरावाच नसतो.

याच्याच जोडीला ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ हे वाक्यही ऐकू येते. १९६३ च्या मुदत कायद्यातली बारा वर्षांची तरतूद मालकाविरुद्ध, त्याचा हक्क नाकारून केलेल्या कब्जासाठी आहे. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, म्हणून त्याचा ताबा कितीही वर्षांचा असला तरी तो विरोधी कब्जा ठरत नाही. करारावर सही करणारा भाडेकरू समोरच्याची मालकी लिहून मान्य करतो आणि तसे केल्यावर, भाडेकरू असेपर्यंत तरी, त्याला ती कोर्टात नाकारता येत नाही. कूळ लागण्याची ज्याला खरोखर भीती आहे, त्याने तर करार आधी करावा.

“अकरा महिन्यांचा बाँड पुरेसा असतो”

अकरा महिन्यांची प्रथा १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. त्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची आहे, म्हणून एक महिना कमी धरायचा आणि बाँडवर नोटरी करून मोकळे व्हायचे, अशी रीत पडली. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ मुदत पाहत नाही. भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, असे ते सांगते. नोंदणीची जबाबदारी ते घरमालकावर टाकते. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत करार नसताना भाडे किती ठरले, अटी कोणत्या होत्या याचा वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ‘कागद नको’ म्हणणारा घरमालक स्वतःला सुरक्षित समजतो. कायद्याने तोच जास्त उघडा पडतो.

खर्चाबद्दलही अवास्तव कल्पना आहेत. लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का आहे. महिना २,००० रुपयांची खोली अकरा महिन्यांसाठी दिली, तर भाडे होते २२,००० आणि त्याचा पाव टक्का ५५ रुपये. अनामत रकमेमुळे त्यात किरकोळ भर पडते. नोंदणी शुल्क आणि करार करून देणाऱ्याची फी वेगळी. नोंदणी ऑनलाइन होते : दोघांचे आधार क्रमांक, यंत्रावर अंगठा, कॅमेऱ्यासमोर फोटो, साक्षीदारांची ओळख. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हेलपाटे घालावे लागत नाहीत. तरीही हजार-दीड हजाराचा खर्च शेतमजुराच्या मुलाला जड जातो. तो दोघांनी वाटून घ्यावा, हे न्याय्य ठरेल. कारण करार दोघांच्याही कामाचा आहे.

“भाडं दाखवलं की आयकर, जीएसटी मागे लागेल”

राहण्यासाठी दिलेल्या घराचे भाडे नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून येत नसेल, तर त्यावर जीएसटी नाही. विद्यार्थ्याला दिलेली खोली याच प्रकारात येते. आयकराचा हिशेबही छोटाच आहे. तीन खोल्यांचे महिना दोन हजारांप्रमाणे वर्षाचे ७२,००० रुपये आले, तर त्यातून दुरुस्ती-देखभालीपोटी सरसकट ३० टक्के वजा होतात आणि उत्पन्नात धरले जातात ५०,४००. दुसरे मोठे करपात्र उत्पन्न नसलेल्या घरमालकाला यावर कर बसत नाही. पगारदार किंवा निवृत्तिवेतनधारक घरमालकाला बसू शकतो. पण तो भाड्याच्या उत्पन्नावर आहे, करार केला म्हणून लागलेला नाही. कागद न केल्याने ते उत्पन्न करमुक्त होत नाही.

“सरकारी पैशांच्या भरवशावरचा भाडेकरू भाडं थकवतो”

या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. स्वाधारचे हप्ते अर्जाची छाननी आणि उपस्थितीची खातरजमा झाल्यावर पडतात आणि ते वेळेवर येत नाहीत, ही तक्रार राज्यभरातले विद्यार्थी सातत्याने करत आले आहेत. खोलीचे भाडे मात्र जून-जुलैपासून सुरू होते. निवासाचे वर्षाचे १२,००० म्हणजे महिन्याला हजार. धाराशिव शहरात महाविद्यालयाच्या जवळपासच्या खोलीला ते एकट्याने पुरत नाहीत. म्हणून दोघे-तिघे मिळून खोली घेतात आणि हप्ता येईपर्यंत घरून पैसे आणतात. या जिल्ह्यातल्या अनेक कुटुंबांचे उत्पन्न मजुरीचे किंवा ऊसतोडीच्या उचलीचे असते. ते महिन्याच्या पाच तारखेला ठरल्यासारखे येत नाही.

ही दिरंगाई शासनाची आहे, तिचा भुर्दंड विद्यार्थी सोसतो आणि वर त्यालाच बेभरवशाचा ठरवले जाते. योजनेचा हेतूच यातून पराभूत होतो. घरमालकापुरती वस्तुस्थिती अशी की भाडे देण्याची जबाबदारी करारानुसार विद्यार्थ्याची आहे, हप्ता आला किंवा न आला तरी. एक-दोन महिन्यांची अनामत आणि भाड्याची निश्चित तारीख करारात घातली की हा धोका इतर कोणत्याही भाडेकरूइतकाच राहतो. उलट या भाडेकरूच्या खात्यात, उशिरा का होईना, निवासासाठीच ठरवलेली रक्कम येणार असते, ही जमेची बाजू ‘भाडं थकवतो’ म्हणणारे मोजत नाहीत.

“खोली कोणाला द्यायची ही माझी मर्जी”

न बोलले जाणारे कारण हे. योजनेचे नाव सांगताच विद्यार्थ्याची जात कळते. आडनाव विचारून जे ओळखायचे असते, ते ‘स्वाधार’ या शब्दात आपोआप कळून चुकते आणि पुढचा नकार कागदाच्या, पाण्याच्या, ‘घरात बायाबापड्या आहेत’ अशा सबबीने दिला जातो. घर भाड्याने देताना जात आणि धर्म आड येतात, हे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानी दिल्लीच्या परिसरात केलेल्या अभ्यासात दिसून आले. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात अशा लहान शहरात जात लपवून खोली घेणे त्याहून अवघड.

भाडेकरू निवडण्याचे स्वातंत्र्य घरमालकाला आहे, हे खरे. भाडे परवडत नसेल, माणसे जास्त असतील, तर तो नाही म्हणू शकतो. पण अस्पृश्यतेच्या कारणावरून नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य त्याला नाही. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये ज्या गोष्टींबाबत अस्पृश्यतेच्या कारणाने आडकाठी करणे गुन्हा ठरते, त्यांत कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळवणे आणि त्यात राहणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ प्रमाणे पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरते. सबबीआड दिलेला नकार सिद्ध करणे प्रत्यक्षात कठीण जाते आणि शिकायला आलेला मुलगा परक्या गावात पोलीस ठाण्याची पायरी सहसा चढत नाही. म्हणून ही तरतूद कागदावर राहिली, तरी तो नकार कायदेशीर ठरत नाही.

‘सवलती फक्त त्यांनाच’ हा समजही चुकीचा आहे. बाहेर राहून शिकणाऱ्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तर अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. सरकारी मदतीवर शिकणारा भाडेकरू कोणत्याही घरातून येऊ शकतो. घरमालकाच्या स्वतःच्या पुतण्याला लातूर किंवा पुण्यात हीच कागदपत्रे गोळा करावी लागतात.

“नुसता कागद दिला तर काय बिघडतं?”

हा उलट्या बाजूचा गैरसमज. ओळखीखातर किंवा थोड्या पैशांसाठी, न राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावे करार करून देणारेही असतात. असा करार खोटा दस्तऐवज आहे. चौकशीत विद्यार्थ्याची रक्कम वसूल होते आणि सही करणारा घरमालकही अडचणीत येतो. ‘सरकारच्या भानगडीत अडकलो’ असे म्हणायची वेळ घरमालकावर येते ती अशाच कागदामुळे. नंतर खरोखर राहणाऱ्या मुलांकडेही संशयाने पाहिले जाते.

खऱ्या कराराची पूर्तता साधी आहे. दोघांची नावे, खोलीचा पत्ता किंवा मालमत्ता क्रमांक, मुदत, भाडे, अनामत, वीज-पाण्याची वाटणी आणि खोली सोडण्याची पूर्वसूचना एवढे त्यात असावे. वीजमीटरचे रीडिंग सुरुवातीलाच लिहून ठेवले की निघताना अनामतीवरून वाद होत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. ती राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही देता येते आणि त्याने भाडेकरूवर किंवा मालकावर कसली नोंद होत नाही. कराराची मुदत शैक्षणिक वर्षाशी जुळवून घेणे चांगले. मार्चमध्ये संपणारा अकरा महिन्यांचा करार मुलाला ऐन परीक्षेत पुन्हा कागदासाठी फिरायला लावतो. पुढच्या वर्षी विद्यार्थी त्याच खोलीत राहणार असेल, तर नवा करार करावा लागतो, कारण जुन्याची मुदत संपलेली असते.