पदवीधराची पहिली मिळकत

मुलाला नोकरी लागून वर्ष उलटले आणि घरात त्याच्या घराचा विषय निघाला नाही, असे मध्यमवर्गीय मराठी कुटुंब विरळाच. भाड्याचा पैसा पाण्यात जातो, जमिनीचा भाव कधी उतरत नाही, हप्ते भरता भरता घर आपले होऊन जाते, ही तीन वाक्ये वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून आपण सर्वांनी ऐकलेली आहेत. ज्या पिढीने ती प्रथम उच्चारली, तिच्या बाबतीत ती पुष्कळशी खरीही ठरली. परंतु त्या पिढीत आणि आजच्या पदवीधरात एक फरक आहे, आणि तो या उपदेशात धरलेला नसतो. त्या काळचा तरुण नोकरीच्या पहिल्या दिवशी गरीब असे, पण सहसा ऋणी नसे. आजचा तरुण अनेकदा पदवीच कर्ज काढून मिळवतो. त्याचा पहिला पगार हाती येण्यापूर्वीच त्यावर बँकेचे नाव पडलेले असते.

अशा तरुणाने स्थावर मालमत्तेत गुंतवणुकीचा आरंभ कसा करावा, हा आजचा विषय. उदाहरणासाठी मी चेन्नई शहर घेतो. शिरुसेरी, शोळिंगनल्लूर या भागांतील संगणक कंपन्यांत नोकरीनिमित्त गेलेली मराठी मुले बरीच आहेत, आणि परक्या प्रांतात, परक्या भाषेतील कागदपत्रांवर विसंबून व्यवहार करताना जे प्रश्न पडतात ते तेथे अधिक ठळकपणे दिसतात.

आपण असे धरू की सांगलीच्या एका तरुणाने अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी दहा लाखांचे कर्ज घेतले. शैक्षणिक कर्जाची बँकांची सर्वसाधारण पद्धत अशी आहे की चार लाखांपर्यंत पालकांची सही पुरते, साडेसात लाखांपर्यंत जामीन चालतो, आणि त्यापुढे बहुधा तारण मागितले जाते. हे तारण म्हणजे प्रायः वडिलांचे राहते घर. घराचे मूळ दस्तऐवज बँकेच्या हवाली केले की गहाण पूर्ण होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने या रीतीच्या गहाणासाठी ज्या तीन शहरांची नावे घातली, ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. पुढे राज्य सरकारांनी इतर शहरे त्यांत जोडली. व्यापाऱ्याला चटकन पैसा उभा करता यावा म्हणून निघालेली ही सोय आज मुलांच्या शिक्षणापायी घरोघर पोचली आहे.

हा तरुण आता चेन्नईत आहे. हाती पडणारा पगार पन्नास हजार. कर्जाचा दर दहा टक्के आणि मुदत दहा वर्षे धरली, तर त्याचा हप्ता महिना सुमारे तेरा हजार दोनशे रुपये होतो. मित्रांच्या आग्रहावरून त्याने मेदवाक्कमकडे साठ लाखांची एक जुनी सदनिका पाहिली आहे. तीस लाखांहून अधिक आणि पंच्याहत्तर लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ऐंशी टक्क्यांपलीकडे कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे बारा लाख पदरचे हवेत. तमिळनाडूत अशा फेरविक्रीच्या घरावर सात टक्के मुद्रांक शुल्क आणि दोन टक्के नोंदणी शुल्क पडते. नोंदणी शुल्क पूर्वी चार टक्के होते, ते २०२३ मध्ये उतरवण्यात आले. मात्र त्याच वेळी जमिनीची सरकारी आधारभूत किंमत वाढवण्यात आली. हे पाच लाख चाळीस हजार झाले. शुल्काची ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही, तीही रोखच हवी. एकूण सव्वासतरा लाखांच्या वर रोकड, आणि ती ज्याने जेमतेम कमवायला सुरुवात केली आहे त्याच्याकडून. मग ती वैयक्तिक कर्जातून किंवा आईच्या दागिन्यांतून उभी राहते.

आता उरलेल्या अठ्ठेचाळीस लाखांचा हिशेब पाहू. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे एकेचाळीस हजार साडेसहाशे येतो. दोन्ही हप्ते मिळून चोपन्न हजार आठशेच्या पुढे जातात, आणि पगार तर पन्नास हजारच आहे. घर भाड्याने दिले आणि किमतीच्या तीन टक्के भाडे आले असे मानले, तर महिना पंधरा हजार मिळतील. त्यातून देखभाल आणि कर वजा जातील, दोन भाडेकरूंमधला रिकामा काळही वजा जाईल. पहिल्या वर्षी केवळ व्याजच चार लाखांहून अधिक, आणि भाडे फार तर एक लाख ऐंशी हजार. ही तूट भावाच्या वाढीतून भरून निघेल अशी आशा बाळगायची. पण घराचा भाव विकल्याशिवाय हाती येत नाही, आणि हप्ता दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो. नोकरी सुटली आणि हप्ते थकले तर डाग मुलाच्याच पतीवर पडत नाही. शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार असतात, आणि तारण त्यांचे घर असते.

म्हणून माझे मत असे की या तरुणाची पहिली मिळकत चेन्नईत नसून सांगलीत आहे. ती त्याच्या वडिलांचे घर आहे, आणि ते अर्धे बँकेकडे गेलेले आहे. हप्त्यावर दरमहा पाच हजार अधिक भरले, तर दहा वर्षांचे कर्ज सव्वासहा वर्षांच्या आत फिटते आणि व्याजात सुमारे दोन लाख चाळीस हजार वाचतात. दहा टक्क्यांचे कर्ज फेडणे म्हणजे दहा टक्के निश्चित मिळवणे होय. एवढ्या खात्रीची गुंतवणूक बाजारात दुसरी मिळायची नाही. तरत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जाची मुदतपूर्व फेड केल्यास बँकांनी दंड घेऊ नये, असाही रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे सवलत मिळते खरी. पण सवलतीसाठी व्याज चालू ठेवणे म्हणजे औषध फुकट मिळते म्हणून आजारी राहण्यासारखे आहे.

ही सहा वर्षे रिकामी मात्र जाऊ देऊ नयेत. चेन्नईत घरमालक पूर्वी सर्रास दहा-दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागत. २०१७ च्या भाडे कायद्याने, करारात निराळे ठरले नसेल तर, तीन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली. तरीही भाड्याच्या घरात राहण्याचा मोठा लाभ पैशांत मोजण्यासारखा नाही. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, आपला पाऊस ओसरल्यानंतर पडतो. आपली मंडळी मे महिन्याच्या सुट्टीत तेथे जाऊन घर पाहतात आणि कोरडे, लख्ख रस्ते पाहून प्रसन्न होतात. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीला पूर आला तेव्हा मुडिच्चूर, वेळच्चेरी, कोट्टूरपुरम येथे घरांत पाणी शिरले. डिसेंबर २०२३ मधील मिचाँग वादळात पळ्ळिकरणै आणि वेळच्चेरी पुन्हा बुडाले. पळ्ळिकरणैची पाणथळ २०२२ पासून आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे, आणि मेदवाक्कम तिच्या शेजारी आहे. आजचे गजबजलेले टी. नगरही १९२० च्या दशकात एक लांबलचक तलाव बुजवून वसवले गेले. म्हणून ज्या वस्तीत घर घ्यायचे, तेथे भाडेकरू म्हणून दोन पावसाळे काढावेत. तळमजल्याच्या भिंतीवरची ओलीची रेघ दलाल दाखवीत नाही, शेजारी दाखवतो.

दुसरे शिक्षण कागदपत्रांचे. महाराष्ट्रात आपण सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहतो. तमिळनाडूत महसूल खात्याचा ‘पट्टा’ पाहावा लागतो. आपल्याकडे वकील सूची क्रमांक दोन चाळून शोध अहवाल देतात. तेथे नोंदणी कार्यालयातून बोजाचा दाखला काढतात. या बोजाला तमिळमध्ये ‘विल्लंगम्’ म्हणतात, आणि गंमत अशी की रोजच्या बोलण्यात याच शब्दाचा अर्थ भानगड असा होतो. निदान तीस वर्षांचा दाखला पाहण्याचा प्रघात आहे, पण त्यात केवळ नोंदलेले व्यवहारच दिसतात. मृत्युपत्र, वारसांचा तंटा, कोर्टात पडलेला दावा हे त्यात उमटतीलच असे नाही. ‘पोरंबोक्कु’ हा शब्द कोठे आला तर तेथेच थांबावे. तलावाची, ओढ्याची, रस्त्याची अशी सार्वजनिक जमीन त्याने दर्शवली जाते. मापेही वेगळी आहेत. एक ‘सेंट’ म्हणजे सुमारे चारशे पस्तीस चौरस फूट, आणि अडीच सेंटांचा आपला एक गुंठा. एक ‘ग्राउंड’ म्हणजे चोवीसशे चौरस फूट, दोन गुंठ्यांहून किंचित अधिक.

ग्राउंडचे हे माप सदनिकेच्या बाबतीतही ध्यानात ठेवावे. मुंबई-पुण्यात सदनिका घेणारा संस्थेचा सभासद होतो आणि जमीन अभिहस्तांतरणाने संस्थेच्या नावे व्हावी अशी अपेक्षा असते. चेन्नईत प्रत्येक सदनिकाधारकाला जमिनीचा अविभक्त हिस्सा खरेदीखतानेच मिळतो. एका ग्राउंडवर सारख्या सहा सदनिका असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चारशे चौरस फूट जमीन येते. तेवढ्याच जागेवर बारा असतील तर दोनशे. इमारत दर वर्षी जुनी होते, भाव जो काही चढतो तो मुख्यतः या जमिनीच्या हिश्श्याचा. दोन सदनिकांची खोल्यांची मापे सारखी असूनही एकीचा हिस्सा दुसरीच्या निम्मा असू शकतो, आणि जाहिरातीत तो छापलेला नसतो.

स्वस्त भूखंडाचा मोह याहून अवघड. शेतजमिनीचे तुकडे पाडून, रंगीत दगड रोवून विकण्याचा धंदा चेन्नईच्या आसपास वर्षानुवर्षे चालला. सप्टेंबर २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विनापरवाना भूखंडांच्या नोंदणीवर बंदी घातली, आणि ज्यांची पुंजी त्यांत अडकली होती त्यांना ते विकणेही अशक्य झाले. २०१७ मध्ये नियमितीकरणाचे नियम आले, पण त्यांचा लाभ २० ऑक्टोबर २०१६ पूर्वीच्या नोंदणीपुरता ठेवला गेला. आपल्याकडे गुंठेवारीचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

इतके करूनही जमिनीशी काही नाते ठेवावेसे वाटलेच, तर शेअर बाजारात नोंदलेले स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास आहेत. बोलीभाषेत त्यांना ‘रीट’ म्हणतात. भारतात पहिला न्यास २०१९ मध्ये बाजारात आला. पोरूर येथील कॉमर्झोन किंवा पल्लावरम-तोरैपाक्कम रस्त्यावरील एम्बसी स्प्लेंडिड टेकझोन ही कार्यालयसंकुले अशा न्यासांच्या मालकीची आहेत, आणि वाटपयोग्य रोकडीपैकी किमान नव्वद टक्के धारकांना वाटावी असा सेबीचा नियम आहे. २०२१ पासून एकेक युनिटही घेता येते. ज्या इमारतीत आपण नोकरी करतो, तिच्या भाड्यात एका युनिटाचा वाटा असावा यात थोडी मौजही आहे. भाव मात्र शेअरसारखाच खालीवर होतो, आणि शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना ही रक्कम मौजेपुरतीच असावी.

कर्ज फिटल्यावरचे एक काम पुष्कळांकडून राहून जाते. डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे की पूर्ण फेड झाल्यावर बँकेने मूळ दस्तऐवज तीस दिवसांत परत करावेत. विलंब बँकेमुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. दस्तऐवज हाती आल्यावर पानांची संख्या पूर्वीच्या पावतीशी ताडून पाहावी. मिळकत पत्रिकेवर बोजाची नोंद असेल तर बँकेचे पत्र घेऊन नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. या कामासाठी मुलाने वडिलांना एकट्याने पाठवू नये. दोन दिवसांची रजा काढून स्वतः सांगलीला जावे आणि ती नोंद कमी झालेली पत्रिका हाती घेऊनच चेन्नईची गाडी धरावी.