दूरदृश्य मुलाखत आणि घरची मशागत

पेरणी एका दिवसाची असते, पण तिची मशागत उन्हाळाभर चालते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मुलामुलींच्या नोकरीच्या मुलाखतीसही हाच न्याय लागू पडतो. सन २०२० च्या टाळेबंदीपासून पुष्कळ कंपन्या व संस्था निदान पहिली मुलाखत तरी व्हिडिओ कॉलवरच घेऊं लागल्या. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांचे पदवीधर अशा नोकऱ्यांस अर्ज करतात, तेव्हां त्यांसही हा प्रसंग येतो. प्रवासखर्च वांचतो हा लाभ खराच; परंतु खोली, उजेड व शांतता यांची जी तजवीज पूर्वीं बोलावणारा करीत असे, ती आतां उमेदवाराच्या घरावर येऊन पडली आहे. म्हणून हा लेख मुलांइतकाच वडील मंडळींसाठींही आहे.

आमच्या माहितीच्या एका सभासदांची कन्या कृषि पदवीधर. बियाण्याच्या व्यवसायांतील एका जागेसाठीं तिची मुलाखत ठरली. ऐन वेळीं शेजारच्या गोठ्यांत कडबाकुट्टीचें यंत्र सुरू झालें. प्रश्न नीट ऐकूं न आल्यामुळें तिनें भलतेंच उत्तर दिलें. संकोचामुळें "पुन्हा विचारा" असें म्हणवलें नाहीं. जागा दुसऱ्यास मिळाली. मुलीच्या ज्ञानांत उणें नव्हतें. उणें होतें तें आदल्या दिवशींच्या तयारींत.

या तयारींत पहिलें स्थान आवाजास द्यावें. चित्र क्षणभर अडखळलें तर चालतें. शब्द तुटला कीं उत्तरच तुटतें. पत्र्याच्या छपराची रिकामी खोली घुमते, कारण उघड्या भिंती व पत्रा आवाज परत फेकतात. तेथें दोन गोधड्या टांगून खालीं सतरंजी अंथरली तर घुमणें पुष्कळ कमी होतें. पावसाळ्यांत मात्र पत्र्याखालीं बसूंच नये. तारेचा साधा इअरफोन वापरावा.

दुसरी गोष्ट उजेडाची. कॅमेरा एकंदर चित्राच्या उजेडावरून आपलें मान ठरवितो; पाठीमागें उघडें दार असेल तर चेहरा काळवंडतो. याकरितां खिडकीकडे तोंड करून बसावें. फोन हातांत न धरतां डोळ्यांच्या उंचीवर पक्का टेकवून ठेवावा.

तिसरी गोष्ट विजेची व नेटवर्कची. वस्तीवरील घरास शेतीच्या वाहिनीची वीज असेल तर ती कोणत्या पाळींत येते हें आधीं पाहावें व फोन पूर्ण चार्ज करून ठेवावा. व्हिडिओ कॉलला सेकंदास सुमारें १ मेगाबिट वेग येण्यास व तितकाच जाण्यास असला म्हणजे साधारणपणें पुरतो. म्हणून केवळ येणारा वेग पाहून समाधान मानूं नये. आदल्या दिवशीं, मुलाखतीच्याच वेळीं, दोन्ही मोजावे. नातेवाइकांस त्या तासांत फोन न करण्याविषयीं कळवावें. नेटवर्क फारच क्षीण झालें तर परवानगी मागून चित्र बंद करावें. आवाजास त्या मानानें फार थोडा वेग लागतो.

इतकी मशागत झाली म्हणजे बी कोणतें, हा प्रश्न उरतो. शेतकऱ्याच्या मुलाजवळ पुस्तकापलीकडचें भांडवल असतें, मात्र तें आंकड्यांत मांडतां आलें पाहिजे. घरचें क्षेत्र, वाण, दोन ओळींतील अंतर, एकरीं खर्च व उतारा हें सर्व वडिलांजवळ बसून लिहून काढावें. "सोयाबीन पिवळें पडलें, काय कराल?" असा प्रश्न आल्यास एकदम औषधाचें नांव घेऊं नये. पिवळेपणा जुन्या पानांवर आहे कीं कोवळ्या, हें प्रथम विचारावें. खालचीं जुनीं पानें सरसकट पिवळीं असतील तर नत्राची उणीव संभवते. कोवळीं पानें पिवळीं व त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर, विशेषतः चुनखडीच्या जमिनींत, लोहाची. असें उत्तर देणारा शेत पाहून बोलतो, हें ऐकणारास तत्काळ कळतें. टिपण वाचून बोलणाराचे डोळे सरकतात, तेंही तितकेंच कळतें. आवाज पोंचण्यास किंचित् विलंब लागतो, म्हणून प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर द्यावें. ऐकूं न आल्यास निःसंकोच पुन्हा विचारावें. त्यांत कमीपणा नाहीं.

एक सावधगिरीची सूचना. मुलाखतीच्या नांवाखालीं अनामत रक्कम किंवा फोनवर आलेला ओटीपी मागणारा इसम नोकरी देणारा नव्हे, फसविणारा होय असें समजावें. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

शेवटीं वडील मंडळींस विनंती कीं, आदल्या दिवशीं त्यांनीं गोठ्यांत बसून फोनवरून प्रश्न विचारावे व मुलानें खोलींतून उत्तरें द्यावीं. अर्ध्या तासाच्या या तालमींत सर्व दोष उघडे पडतील. आणि मुलाखतीच्या दिवशीं शेजाऱ्यासही आधीं सांगून ठेवावें. कडबाकुट्टी तासभर उशिरानें झाली म्हणून जनावरें उपाशीं राहत नाहींत.